कवच जॅग्वारचे, नाव कोलेकोचे

इतिहासाच्या अभ्यासात साधनचिकित्सा पहिल्यांदा शिकवतात: मजकुरावर विश्वास ठेवण्याआधी कागद अस्सल आहे का, ते पाहावे. हे शास्त्र अभिलेखागाराबाहेर, व्हिडिओ गेमच्या हौशी मंडळींनी किती नेमके वापरले, त्याची ही हकिकत. (थ्रेड)

सप्टेंबर २०१५. ‘रेट्रो व्हीजीएस’ या गेम कन्सोलसाठी इंडिगोगोवर लोकवर्गणी मागण्यात आली. जुन्या काळाप्रमाणे कार्ट्रिज लावा आणि खेळा, असे आश्वासन होते. मागणी १९.५ लाख डॉलरची. दाखवायला चालते यंत्र मात्र नव्हते. पाच टक्केही रक्कम जमली नाही.

कवच तेवढे खरे होते. अटारीचा जॅग्वार कन्सोल १९९३ साली आला आणि आपटला. त्याचे साचे पुढे दंतवैद्यकीय कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीकडे गेले. (होय, दातांच्या दवाखान्यासाठी जॅग्वारच्याच आकाराचे उपकरण निघाले होते!) रेट्रो व्हीजीएसने तेच साचे विकत घेतले.

डिसेंबरात नवे नाव आले: कोलेको कॅमेलियन. कोलेको ही १९३२ साली चामड्याच्या धंद्यात सुरू झालेली अमेरिकी कंपनी. १९८२चा तिचा कोलेकोव्हिजन गाजला, १९८८मध्ये दिवाळे निघाले. पुढे उरले ते परवान्यावर वापरायला देण्याजोगे नाव. एका बंद पडलेल्या यंत्राचे कवच आणि एका बुडालेल्या कंपनीचे नाव अशी जुळणी झाली. आत काय होते?

फेब्रुवारी २०१६मध्ये न्यूयॉर्कच्या टॉय फेअरला ‘नमुना’ मांडला गेला. जाणकारांनी पडद्यावरचा खेळ सोडून यंत्राची मागची बाजू न्याहाळली. तिथली जोडणीची जागा सुपर निन्टेन्डोच्या छोट्या आवृत्तीशी जुळत होती. शंका वाढताच पारदर्शक कवचातील नमुन्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. संशय मिटवण्यासाठी दिलेला हाच पुरावा अंगाशी आला. आतला सर्किट बोर्ड संगणकात बसवायच्या जुन्या व्हिडिओ कॅप्चर कार्डाचा असल्याचे वाचकांनी थोड्याच वेळात ओळखले. कन्सोलशी त्याचा काही संबंध नव्हता. छायाचित्र काढून टाकण्यात आले.

माझ्या मते निर्णायक पाऊल त्यानंतरचे आहे. नावाची मालकी असलेल्या कोलेकोने नमुने तपासणीसाठी मागितले. मार्च २०१६मध्ये तिने कॅमेलियनमधून आपले नाव काढून घेतले. फेब्रुवारीअखेर किकस्टार्टरवर सुरू व्हायची वर्गणी आधी पुढे ढकलली गेली होती. ती पुढे सुरूच झाली नाही.