राजवाद आणि पंडितवाद

'नावाचं एवढं काय घेऊन बसलात?' हा सवाल मी गुलमंडीवर इतक्यांदा ऐकलाय की त्याचा हिशेब ठेवणं सोडून दिलं. पानाच्या टपरीवर ऐकला, वह्यांच्या दुकानात ऐकला. १९७८ च्या पावसाळ्यात हा सवाल करणारे लोक अडाणी नव्हते. शिकलेले, मोजून बोलणारे, खादी घालणारे होते. बाबासाहेबांबद्दल आदर आहे म्हणायचे. पण मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदलू नका, त्या नावात मराठवाड्याची अस्मिता आहे, हैदराबाद मुक्तिलढ्याची आठवण आहे. ऐकणारा मान डोलवायचा.

आपण शिवीला उत्तर देतो. ते सोपं असतं. घरात पीठ नाही त्यांना विद्यापीठ कशाला, अशी यमक जुळवून थट्टा सभांतून झाली, तिला आपल्या पोरांनी जागच्या जागी उत्तर दिलं. पण गोड बोलण्याला उत्तर द्यायचं तर अभ्यास पाहिजे. तो अभ्यास मी इथं मांडतोय.

सुरुवात आपल्याच नागसेनवनापासून करू. जून १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज औरंगाबादेत सुरू झालं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इमारतीची कोनशिला बसवली. या कॉलेजाला बाबासाहेबांनी नाव दिलं मिलिंद, परिसर झाला नागसेनवन. बाबासाहेबांना नावं सुचत नव्हती थोडीच? एका राजाचं नाव आणि एका भिक्खूचं नाव शेजारीशेजारी ठेवण्यात त्यांचा डाव होता. आपली पोरं रोज त्या पाटीखालून जातात, पण 'मिलिंदप्रश्न' हातात घेऊन वाचलेला पोरगा मला क्वचित भेटतो.

मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला. सागल ही त्याची राजधानी. वादात पटाईत. आपल्यासमोर टिकेल असा माणूसच उरला नाही, ही त्याची घमेंड. त्याची नागसेनाशी गाठ पडली. आता बघा, वाद घालायच्या आधी नागसेन काय करतो. तो अट घालतो. म्हणतो, महाराज, पंडितासारखा वाद करणार असाल तर बोलू, राजासारखा करणार असाल तर नाही. फरक काय, असं राजा विचारतो. नागसेन सांगतो, पंडितांच्या वादात गुंता होतो, गुंता सुटतो, एकाचं म्हणणं खोडलं जातं, तो ते कबूल करतो आणि कुणी रागावत नाही. राजे वाद करतात तेव्हा एक गोष्ट म्हणतात आणि जो 'नाही' म्हणेल त्याला दंड करायचा हुकूम सोडतात. मिलिंदानं पंडितवाद कबूल केला. मगच बोलणं सुरू झालं.

सत्तेसमोर उभ्या राहिलेल्या एकट्या माणसाचं यापेक्षा शहाणं भाषण मला तरी माहीत नाही. त्याच्या हातात फौज नव्हती. आधी वादाचे नियम ठरवू, एवढंच तो म्हणाला.

ही फूटपट्टी आता १९७८ ला लावा. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला. मुख्यमंत्री शरद पवार होते. म्हणजे पंडितवाद रीतसर झाला. बोलणं झालं, ठरलं. आणि त्याच दिवसापासून मराठवाड्यात राजवाद सुरू झाला. वस्त्या जाळल्या. रेशन, पाणी, मजुरी बंद केली. खेड्यात राजा म्हणजे कोण? पाटील, सावकार, ज्याच्या रानातून तुमची वाट जाते तो. तो दिल्लीच्या राजापेक्षा जवळचा, म्हणून जास्त भारी. शहरातल्या भाषणातली 'अस्मिता' गावात पोचेपर्यंत रॉकेलचा डबा झाली होती. गुलमंडीवरचा सभ्य माणूस म्हणणार, मी कुठं जाळा म्हणालो? खरंय, नव्हता म्हणाला. पण वस्त्या पेटल्यावरही त्याचं भाषण थांबलं नाही.

इथं दोन नावं घ्यावीच लागतात. गोविंदभाई श्रॉफ आणि 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव. दोघांनी नामांतराला विरोध केला. दोघंही निजामाशी झगडलेले होते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांची कमाई मी नाकारत नाही. नाकारली तर आपलंच म्हणणं पोकळ होईल. पण त्याच लढ्याचं एक पान उघडतो. १९३८ साली निजामानं स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी घातली. त्याच वर्षी औरंगाबादच्या कॉलेजातल्या पोरांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणणं सोडायला नकार दिला. पोरांना काढून टाकलं. लोण हैदराबादला पोचलं, पुष्कळांना शिकायला नागपूरला जावं लागलं. दोन शब्दांसाठी! त्यांना सांगणारे तेव्हाही असतील, की शब्दांचं एवढं काय, मुकाट्यानं शिका. शब्दात काय असतं हे या पिढीला पक्कं ठाऊक होतं.

आता १९७८ च्या ऑगस्टमधले दोन शब्द ऐका. नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी. पोचिराम कांबळे. ४ ऑगस्टला त्याला हालहाल करून मारलं. 'जय भीम' सोड म्हणाले, त्यानं सोडलं नाही, असं लोक सांगतात आणि आपल्या जलशांत, भाषणांत ते अजून सांगितलं जातं. पोचिराम मातंग होता, हे विसरू नका. नामांतर हे एका जातीचं खूळ आहे हा विरोधकांचा आवडता मुद्दा. त्या मुद्द्याला सगळ्यात पक्कं उत्तर एका मातंग माणसानं दिलं. त्याच्याकडे स्टेज नव्हतं, लाऊडस्पीकर नव्हता. वसतिगृहातल्या पोरांना इतिहासात धडा मिळाला. पोचिरामला किती पाठ्यपुस्तकांत जागा मिळाली, तुम्हीच शोधा.

आता परत त्या सवालाकडे येतो, नावाचं एवढं काय? मजा अशी की नागसेनानं हाच सवाल मिलिंदाला टाकला होता. तुम्ही रथातून आलात ना महाराज? मग चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? नाही. सगळं जुळलं की आपण त्याला रथ म्हणतो. नाव हा व्यवहार आहे. आपल्यातलेच काही जण हे ऐकून म्हणतात, बघा, बौद्ध विचारात नावाला किंमत नाही. मला उलटं दिसतं. नावात जन्मजात पवित्र असं काही नसेल, ते माणसांनी व्यवहारासाठी ठेवलेलं असेल, तर माणसांना ते बदलता येतं. मग 'मराठवाडा' हे नाव तरी दगडात कोरून आलं होतं काय? विद्यापीठ स्थापन झालं २३ ऑगस्ट १९५८ ला. ठराव झाला तेव्हा ते नाव वीस वर्षांचंही नव्हतं.

आणि या शहराचंच बघा. १६१० मध्ये मलिक अंबरनं, गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या हबश्यानं, खडकी वसवली. त्याच्या पोरानं, फतेहखानानं तिचं फतेहनगर केलं. १६५३ मध्ये औरंगजेबानं औरंगाबाद केलं. शिवसेनेची शहरातली पहिली शाखा १९८५ साली याच गुलमंडीवर उघडली, आणि १९८८ मध्ये महापालिकेच्या निवडणुकीनंतर बाळ ठाकरेंनी जाहीर सभेत 'संभाजीनगर' म्हटलं. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्रानं छत्रपती संभाजीनगर या नावाला मंजुरी दिली. तेव्हा नावाचं एवढं काय, असं विचारणारा मला गुलमंडीवर फारसा भेटला नाही. संभाजी महाराजांच्या नावाशी माझं भांडण नाही. मी कारभार कसा झाला ते सांगतोय. शहराचं नाव दर वेळी गादीवरच्यांनी बदललं. विद्यापीठाचं नाव बदलायची मागणी मात्र ज्यांच्याकडे गादी नाही त्यांनी केली, म्हणून ती इतकी झोंबली.

नोव्हेंबर १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे दीक्षाभूमीवरून लाँग मार्च घेऊन निघाले. खडकपूर्णेच्या पुलावर तो अडवला. दोन्ही सभागृहांचा ठराव कपाटात, आणि तो अमलात आणा म्हणणारे पोलिसांच्या गाडीत. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेनं स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला निर्णय झाला, मुख्यमंत्री परत शरद पवारच. नाव आलं ते 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. नामांतर मागितलं होतं, नामविस्तार मिळाला. 'मराठवाडा' हा शब्द ठेवून तडजोड केली. काहींनी पेढे वाटले, काहींनी तोंड फिरवलं. माझ्या खोलीवर त्या रात्री दोन्ही तऱ्हेचे दोस्त बसले होते. विस्तार स्वीकारायचा की नाही यावर पहाटेपर्यंत भांडण चाललं. गुंता झाला, सुटला, परत झाला. उठून मात्र कुणी गेलं नाही.