कार्बनची भरपाई : वर्गणी की पापक्षालन?



आपल्या विमानप्रवासाने, मोटारीने हवेत कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, मिसळतो. त्याची भरपाई म्हणून काही रक्कम द्यावी आणि त्या रकमेतून दुसऱ्या कोणी, दुसरीकडे कोठे तरी झाडे लावावीत किंवा धूर कमी करावा, असा व्यवहार आज जगभर चालतो. त्यास 'कार्बन ऑफसेट' म्हणतात. सामान्य माणसाने ही वर्गणी द्यावी काय, हे ठरवायचे तर तिचा इतिहास पाहिला पाहिजे. तो जेमतेम पन्नास वर्षांचा आहे.

१९७७ साली फ्रीमन डायसन या भौतिकशास्त्रज्ञाने असा विचार मांडला की, मोठ्या प्रमाणावर झाडे लावली तर हवेतील वाढता कर्बवायू शोषून घेता येईल. परंतु कोळसा-तेलापासून सुटका होईपर्यंत वेळ मिळावा, एवढ्यापुरतीच ही सोय त्याने सुचविली होती. सोय लोकांनी उचलली. अट मात्र मागे राहिली.

१९८८-८९ च्या सुमारास 'एईएस' ही अमेरिकन वीजकंपनी कनेक्टिकट राज्यात कोळशाचे वीजकेंद्र उभारत होती. तिने ग्वाटेमालातील शेतकऱ्यांकडून सुमारे पाच कोटी झाडे लावून घेण्याच्या योजनेस वीस लाख डॉलर दिले. चिमणी एका देशात आणि झाडासाठी खड्डा खणणारा हात दुसऱ्या देशात, अशी वाटणी येथे प्रथम झाली.

१९९७ च्या क्योटो कराराने तिला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली. श्रीमंत देशांना गरीब देशांतील धूरकपात पैसे देऊन आपल्या खात्यावर मांडता येऊ लागली. आपल्या सातारा, सांगली, धुळे जिल्ह्यांतील काही पवनचक्क्याही या योजनेत नोंदल्या गेल्या. त्याच १९९७ साली ब्रिटनमध्ये 'फ्यूचर फॉरेस्ट्स' ही संस्था निघाली आणि भरपाईचा माल सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आला. 'कोल्डप्ले' या ब्रिटिश वाद्यवृंदाने २००२ च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेची भरपाई म्हणून कर्नाटकात दहा हजार आंब्याची झाडे लावण्याचे ठरविले. २००६ साली एका ब्रिटिश वृत्तपत्राने बातमी दिली की, त्यांतील बरीच रोपे पाण्यावाचून वाळून गेली.

शीतकारक वायू बनविणाऱ्या कारखान्यांची गोष्ट याहून उद्बोधक आहे. तेथे निघणारा एचएफसी-२३ हा उपवायू हवा तापविण्यात कर्बवायूच्या हजारो पट प्रखर असतो. तो जाळणे स्वस्त, पण त्याबद्दल मिळणारी पत भरघोस. तेव्हा ही पत मिळावी म्हणूनच उत्पादन वाढविले जाते, असा आक्षेप आला. आणि २०१३ पासून युरोपीय संघाने ती पत नाकारली.

माझे आयुष्य कामगार चळवळीत गेले, म्हणून हा व्यवहार मी हजेरीपटाच्या भाषेत समजून घेतो. कायम कामगार रजेवर गेला की त्याच्या साच्यावर बदली येतो. बदली खरोखर उभा राहिला, तर कापड निघते. पटावर नाव आहे आणि खात्यात माणूस नाही, तर पगार जातो, कापड मात्र निघत नाही. सहा देशांतील २६ वनरक्षण योजनांची तपासणी २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. बहुतेक ठिकाणी जंगलतोड लक्षणीय घटलेली नव्हती. जेथे घटली, तेथेही दाव्याहून पुष्कळच कमी.

म्हणून पैसे देण्यापूर्वी पट मागावा. हे काम आपल्या पैशाविनाही झाले असते काय? झाड टिकेल काय? कारण ते जळाले की शोषलेला वायू पुन्हा हवेत जातो. येथली तोड थांबवून ती शेजारच्या डोंगरावर तर गेली नाही? एकच टन दोघांना विकला नाही ना? आणि ज्यांच्या जमिनीवर हे चालले आहे, त्यांना कोणी विचारले काय?

एवढे पाहून वर्गणी अवश्य द्यावी. चांगल्या कामास पैसा लागतोच. परंतु संपनिधीला वर्गणी दिली, म्हणून संप फोडण्याची मुभा कोणास मिळत नाही. तसेच येथे आहे. आधी आपला धूर कमी करावा. जो टाळता येत नाही, त्यापोटी दिलेला पैसा ही मदत समजावी, फेड समजू नये. आणि मोठ्या चिमण्यांना नियम लावण्याचे काम एकेकट्याच्या पावतीने होणारे नाही. ते संघटित लोकांनी सरकारकडून करवून घ्यावे लागेल.