एका घरातल्या दोन शेवरले

मंडळी, धार-देवासच्या पवार संस्थानांच्या आठवणी निघाल्या की धारचा किल्ला, देवासची टेकडी, थोरली पाती-धाकटी पाती इथपर्यंत गोष्ट येते आणि थांबते. मोटारींचा विषय निघालाच तर "सरकारांकडे मोठी गाडी होती बरं का" एवढ्यावर संपतो. ती गाडी पुढे कुणी घेतली आणि कुणी चालती ठेवली, हे कुणी सांगत नाही. १९७९ साली आमच्या घरात दोन अमेरिकन गाड्या आल्या. एक काकांनी देवासला आणली, दुसरी त्यांच्या मुलानं, म्हणजे आमच्या दादानं, अमेरिकेत घेतली. दोन्ही शेवरलेच. त्यांच्या निमित्तानं हे लिहून ठेवतो.

आपण मोटारीला "विलायती" म्हणायचो, पण जुन्या काळी आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या गाड्या अमेरिकन होत्या. कारण साधं होतं. गाडी जमिनीपासून उंच, स्प्रिंगा दणकट, इंजिन मोठं, त्यामुळे कच्च्या रस्त्यावर ती टिकायची. शिवाय ती मुंबईतच तयार व्हायची. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये शिवडीला सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं १९४७ पासून कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ जोडल्या. मुंबई-आग्रा रस्ता खलघाटला नर्मदा ओलांडून, महू-इंदूर करत देवासला येतो. म्हणजे मुंबईत गाडी घेतली की ती त्याच रस्त्यानं माळव्यात यायची.

ताकदीचं म्हणाल तर इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग आठवा. अमेरिकन गाडी, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, आठ सिलिंडरचं जवळजवळ सात लिटरचं इंजिन, आणि कंपनीनं सांगितलेली ताकद ३२० हॉर्सपॉवर. हे १९३० च्या दशकातलं. पुढे ती गाडी देशाबाहेर गेली.

१९४८ मध्ये संस्थानं मध्य भारतात विलीन झाली. १९५४ च्या सुमारास जनरल मोटर्सनं इथलं काम बंद केलं, कारण सरकारचं धोरण स्पष्ट होतं: नुसतं जोडकाम चालणार नाही, गाडी इथे बनवायची तरच राहा. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे गेले. ज्यांच्या मोटारखान्यात सहा-सहा गाड्या असायच्या, त्यांना दोन सांभाळणं जड जाऊ लागलं. मग राजवाड्यातल्या, जहागीरदारांच्या वाड्यांतल्या गाड्या व्यापाऱ्यांकडे, वकिलांकडे, टॅक्सीवाल्यांकडे उतरत गेल्या.

काकांची शेवरले अशीच उतरत आलेली होती. १९५१ चं मॉडेल, सहा सिलिंडर, साडेतीन लिटर, ९२ हॉर्सपॉवर. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, बॅटरी सहा व्होल्टची. धारच्या एका घरातून त्यांनी ती घेतली, काकांचा नंबर चौथा. तेव्हा नवी गाडी म्हणजे अँबॅसॅडर नाहीतर फियाटची पद्मिनी, आणि नंबर लावला की वर्षानुवर्षं वाट पाहायची. जुनी शेवरले मात्र पैसे दिले की लगेच मिळाली. स्वस्तही पडली, कारण ती पोसण्याची हिंमत कुणात नव्हती. धारहून इंदूरमार्गे देवास, शंभर किलोमीटरच्या घरात अंतर, पण तिला आणायला दिवस गेला. काकूंनी दारात ओवाळलं आणि म्हणाल्या, "दारात हत्ती झुलायला लागला खरा, आता याला चारा कुठून घालायचा?"

त्याच वर्षी दादाचं ओहायोहून पत्र आलं, आत फोटो. "तीर्थरूप बाबांस" लिहून खाली बातमी: नोकरी लागली, आणि कॅमारो झेड-२८ घेतली, एक वर्ष जुनी, हप्त्यांवर. तिकडे अशा गाड्यांना मसल कार म्हणत, म्हणजे मध्यम आकाराच्या दोन दारी गाडीत बसवलेलं भलंमोठं आठ सिलिंडरचं इंजिन. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून ही लाट उसळली. पुढे धुराचे कायदे आले, विम्याचे दर वाढले, १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं, आणि इंजिनांचा जोर उतरला. दादाच्या गाडीचं इंजिन ५.७ लिटरचं होतं, तरी ताकद १८५ हॉर्सपॉवरच्या आसपासच. पण पंचवीस वर्षांचा पोरगा पहिल्या पगारावर तशी गाडी घेऊ शकत होता, याचंच आम्हाला नवल. आपल्याकडे तेलाच्या त्याच संकटात वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते.

दादानं विचारलं होतं, "परत येताना ही गाडी आणता येईल का?" काकांनी चौकशी केली. परवाना, जकात, डाव्या बाजूचं स्टिअरिंग, पेट्रोल, सगळा हिशेब मांडला आणि उत्तर लिहिलं: "गाडी तिथेच विक. तू ये." दादानं गाडी विकली, पण तो आला नाही. तो विषय काकांनी पुन्हा काढला नाही.

आता मुख्य माणसाबद्दल. काकांच्या शेवरलेबरोबर धारहून एक मिस्त्री आले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. लहानपणी ते संस्थानच्या मोटारखान्यात हाताखाली काम करून शिकलेले. या इंजिनात कनेक्टिंग रॉडला आजच्यासारखी तयार बेअरिंग नसायची. बॅबिट नावाचा मऊ धातू वितळवून ओतायचा आणि पात्यानं खरडून-खरडून बसवायचा. खरडताना चाचा कुणाला बोलू द्यायचे नाहीत. पार्ट मिळणं बंदच झालेलं. मग इंदूरच्या भंगारातून गॅस्केट, कुठल्याशा ट्रकचा पंप, खरादवाल्याकडून बुश. "साहब, ये गाड़ी पार्ट से नहीं, कान से चलती है," असं ते काकांना सांगायचे.

पेट्रोल लिटरला सहा किलोमीटर. दोन वर्षांत काका टेकीला आले. त्या काळी पुष्कळांनी केलं तेच शेवटी त्यांनीही केलं: पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवलं. ते चाचांनीच बसवलं, पण मूळ इंजिन विकू दिलं नाही. तेल पाजून, गोणपाटात गुंडाळून, परसात लाकडी घोडीवर ठेवलं. महिन्यातून एकदा येऊन हातानं फिरवून जायचे, जाम होऊ नये म्हणून. गाडी मग लग्नाच्या वरातींना भाड्यानं जाऊ लागली. देवासमधल्या कित्येक जोडप्यांची वरात तिच्यातून निघाली आहे. आज त्यांची नातवंडं हे वाचत असतील.

१९८६ मध्ये मुंबईहून एक शौकीन आले. डिझेलचा आवाज ऐकून परत निघाले होते. काकू म्हणाल्या, "अहो, परसातलं तरी बघून जा." गोणपाट काढलं, चाचांनी हँडल घातलं, इंजिन फिरलं. सौदा तिथेच ठरला, आणि काकांनी दिले होते त्याच्या कितीतरी पट पैसे आले. काकांनी त्यातला मोठा वाटा चाचांना दिला. चाचांनी पैसे घेतले, पण ट्रकवर गाडी चढवायला थांबले नाहीत.

गाडीच्या आरसी बुकाची नक्कल काकांच्या ट्रंकेत सापडली. त्यात एकाखाली एक मालकांची नावं आहेत, पाच. पस्तीस वर्षं ती गाडी ज्यांच्या हातांवर चालली, त्यांचं नाव त्यात नाही, तशी जागाच नव्हती.

आज धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला गाड्यांचे कारखाने आहेत. २०२१ पासून तिथे ११.३ किलोमीटरचा वेगचाचणीचा ट्रॅकही आहे, आशियातला सगळ्यात लांब म्हणतात. चाचांचा नातू तिथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याला मी ती नक्कल दाखवली. त्यानं फोटो काढला आणि विचारलं, "काका, इसमें दादाजी का नाम कहाँ है?"

मंडळी, आपापल्या घरच्या ट्रंका उघडा. गाडीचे फोटो सगळ्यांकडे असतील. त्या फोटोत कडेला, बॉनेटला हात लावून जो उभा आहे, तो कोण, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा आणि फोटोच्या मागे लिहून ठेवा.