गुठळी की रक्तस्राव? मेंदूच्या झटक्यावरील उपचारांचा इतिहास #थ्रेड

१/ १२ एप्रिल १९४५. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातले वॉर्म स्प्रिंग्ज. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट चित्रकार एलिझाबेथ शुमाटॉफ यांच्यासमोर बसले होते. दुपारी एकच्या सुमारास डोक्याच्या मागच्या बाजूस भयंकर कळ आल्याचे त्यांनी सांगितले आणि त्यांची शुद्ध हरपली. ३ वाजून ३५ मिनिटांनी त्यांचे निधन झाले. ते चित्र अपुरेच राहिले.

२/ हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हॉवर्ड ब्रुएन लगेचच पोहोचले होते. रक्तदाब होता ३००/१९० च्या वर. मेंदूत मोठा रक्तस्राव झाल्याचे निदान त्यांनी केले. परंतु तो थांबवण्याचे कोणतेही साधन त्यांच्यापाशी नव्हते. एका महासत्तेच्या प्रमुखाच्या बाबतीतही वैद्यकशास्त्र इतके हतबल का होते?

३/ त्यासाठी १६५८ सालात जावे लागेल. स्वित्झर्लंडमधील वैद्य योहान याकोब वेप्फर यांनी अशा रुग्णांची शवविच्छेदने करून मेंदूत रक्त साकळल्याचे दाखवले. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बंद झाल्यानेही हा विकार होऊ शकतो, हेही त्यांनी मांडले.

४/ म्हणजे पक्षाघात एकच दिसला, तरी त्यामागची कारणे दोन आणि परस्परविरुद्ध. एकात वाहिनी तुंबते, दुसऱ्यात फुटते. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्यास तारक, तर दुसऱ्यास मारक. जिवंत माणसाच्या कवटीआड नेमके काय घडले आहे, हे ओळखायचे कसे?

५/ १९२७ मध्ये लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी मानेतील धमनीत विशिष्ट द्रव्य टोचून मेंदूच्या रक्तवाहिन्यांची क्ष-किरण चित्रे घेतली. पण ही तपासणी स्वतःच जोखमीची होती, आणि मेंदूतले रक्त तिच्यात प्रत्यक्ष दिसत नसे.

६/ कोंडी फुटली ती १ ऑक्टोबर १९७१ रोजी. लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका महिलेच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. रुग्णावरचा तो पहिलाच. यंत्राचे जनक गॉडफ्रे हाउन्सफिल्ड हे ध्वनिमुद्रिकांसाठी ख्यातनाम असलेल्या ई.एम.आय. कंपनीतील अभियंते होते. या चित्रात ताजे रक्त पांढरे दिसते. १९७९ साली त्यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

७/ आता गुठळी विरघळवण्याचे धाडस करता येणार होते. १९९५ मध्ये अमेरिकेत ६२४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री करून झटक्यापासून ३ तासांच्या आत टीपीए हे औषध दिल्यास अपंगत्व टळण्याची शक्यता वाढत होती. धोकाही होताच: औषध घेतलेल्यांपैकी ६.४ टक्के रुग्णांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते.

८/ २००८ मध्ये ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढू शकते, असे दिसून आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांनी मोठ्या वाहिनीतील गुठळी नळीवाटे थेट बाहेर काढण्याचा लाभ सिद्ध केला. रक्तस्रावात मात्र रक्तदाब आटोक्यात आणणे, रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम उलटवणे आणि निवडक रुग्णांवर शस्त्रक्रिया करणे, हाच मार्ग आहे.

९/ मग आज रूझवेल्ट वाचले असते का? इतक्या मोठ्या रक्तस्रावातून आजही अनेक रुग्ण वाचत नाहीत. परंतु मार्च १९४४ मध्येच ब्रुएन यांनी त्यांचा रक्तदाब १८६/१०८ नोंदवला होता. तेव्हा विश्रांती, कमी मिठाचा आहार आणि हृदयासाठी डिजिटॅलिस यांपलीकडे फारसे काही हाती नव्हते. रक्तदाबावरची परिणामकारक आणि सोसवणारी औषधे १९५० च्या दशकात येऊ लागली. खरी संधी त्या तेरा महिन्यांत होती. औषधेच उशिरा जन्मली.

१०/ या इतिहासातून एक व्यवहाराची गोष्ट घ्यावी. कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर घड्याळ पाहून वेळ नोंदवा, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. आत गुठळी आहे की रक्त, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. वेप्फर यांच्या काळीही येत नव्हते.