नामदार गोखले यांचे १९१२ चे भाषण : पराभव-स्वीकृतीचा एक संसदीय आदर्श

प्रस्तावना
सार्वजनिक जीवनात विजयाची भाषणे विपुल असतात. पराभव मोकळेपणाने स्वीकारणारी भाषणे विरळच. गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्राथमिक शिक्षण विधेयकावर १९१२ मध्ये केलेले भाषण हे अशा विरळ भाषणांपैकी एक होय. त्यातील पराभव-स्वीकृतीचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी
प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे मांडली होती. फुले घराण्याचे मूळ गाव कटगुण सातारा जिल्ह्यातलेच. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्ती लागू केली. ब्रिटिश मुलखासाठी गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी विधेयक मांडले. ते अत्यंत सावध होते. ६ ते १० वयाच्या मुलांपुरती सक्ती, तीही प्रथम मुलग्यांना आणि सरकारी मंजुरीने. पुढाकार मात्र स्थानिक संस्थांचा. तरीही निधीची अडचण आणि लोकांकडून मागणी नसणे ही कारणे पुढे करण्यात आली. विरोधकांत सरकारी सभासदांबरोबर काही हिंदी सभासदही होते. १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक फेटाळले गेले.

पराभवाची भाषा
निकाल गोखले यांना आधीच दिसत होता आणि मतदानापूर्वीच त्यांनी तो बोलून दाखविला. आपली तक्रार नाही आणि आपण खिन्नही नाही, असे ते म्हणाले. इंग्लंडमध्येही १८७० च्या कायद्यापूर्वी किती प्रयत्न खर्ची पडले, याचे स्मरण त्यांनी दिले. आपल्या पिढीने अपयशातूनच देशसेवा करावयाची असून यशाची सेवा पुढच्यांच्या वाट्याला येईल, असा त्यांचा आशय होता.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. गोखले यांनी मतदानातील हार मान्य केली, विरोधकांचा युक्तिवाद नव्हे. हे विधेयक पुन:पुन्हा परत येईल, असे त्यांनी त्याच भाषणात बजावले. त्यांची नम्रता म्हणजे शरणागती नव्हती. पुढील प्रयत्नांसाठी मागे ठेवलेली ती नोंद होती.

उत्तरकाल
गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी निवर्तले. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि रहिमतपूरसारख्या नगरपालिकांना सक्तीची वाट खुली झाली. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. देशव्यापी शिक्षणहक्क कायदा मात्र २००९ मध्ये संमत झाला.

निष्कर्ष
हे सारे यश एकट्या गोखल्यांच्या भाषणाचे फलित मानणे इतिहासास धरून होणार नाही. फुले, सयाजीराव आणि शाहू यांची परंपरा स्वतंत्र व अनेक अर्थांनी अधिक धाडसी होती. तथापि बहुमताचा निर्णय मानूनही आपले म्हणणे न सोडण्याची रीत या भाषणाने घालून दिली. लोकशाहीत अल्पमताला प्रतिष्ठा लाभते ती याच रीतीमुळे.