मोठ्या छायाचित्राचे फिकट कोपरे

छायाचित्र मोठें करूं गेल्यास मधला चेहरा ठसठशीत उमटतो आणि कोपरे मात्र फिकट राहतात, हा अनुभव डार्करूममध्यें काम करणारास नवा नाहीं. दोष कागदावर किंवा औषधावर ढकलला जातो. खरा अपराधी पुष्कळदां दिवा असतो. ही तक्रार एन्लार्जर यंत्राइतकीच जुनी आहे.

१८५७ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोरचे चित्रकार डेव्हिड अ‍ॅचेसन वुडवर्ड यांनीं सोलर कॅमेऱ्याचें पेटंट घेतलें. आरशानें सूर्यप्रकाश आंत घ्यावयाचा, मोठ्या भिंगानें तो निगेटिव्हमधून पुढील भिंगाकडे एकवटावयाचा आणि प्रतिमा कागदावर किंवा कॅनव्हासवर पाडावयाची, अशी ती योजना. त्या वेळचा कागद इतका मंद, कीं एका प्रतीला तासन्‌तास लागत. आणि सूर्य तर कोणासाठीं थांबत नाहीं! तो सरकला कीं किरणांचा शंकु पुढील भिंगावरून ढळे व चित्राची एक बाजू मागें पडे. म्हणून आरसा वरचेवर फिरवावा लागे. पुढें घड्याळाच्या यंत्रानें फिरणारे आरसे आले. उमटलेल्या प्रतिमेवर चित्रकार रंग चढवीत असल्यामुळें थोडी विषमता खपूनही जात असावी.

१८८० नंतर ब्रोमाइडचा शीघ्रग्राही कागद प्रचारांत आला आणि सूर्याची गरज संपली. पण दिवा पेटींत आला तो नवें दुखणें घेऊन. कंडेन्सरचीं जाड भिंगें दिव्याची प्रतिमा पुढील भिंगांत नेमकी पाडतील, तरच प्रकाश सर्वत्र सारखा. चित्राचा आकार बदलला कीं भिंगाचें अंतर बदलतें, आणि मग दिवाही वरखालीं सरकवावा लागतो. हें विसरलें, कीं मध्यें डाग किंवा कडेला वलय आलेंच.

दुसरा मार्ग दुधी कांचेचा. तिनें प्रकाश पसरतो, डाग नाहींसा होतो. पण त्याची किंमत द्यावी लागते. आंद्रे कॅलिए यांनीं १९०९ मध्यें दाखविलें, कीं निगेटिव्हमधील चांदीचे कण स्वतःच प्रकाश विखुरतात. म्हणून तीच निगेटिव्ह कंडेन्सरखालीं कठोर आणि पसरट प्रकाशांत मवाळ चित्र देते. व्यक्तिचित्रासाठीं मी तरी दुधी कांचच पसंत करीन. तिच्यामुळें निगेटिव्हवरील ओरखडेही झांकले जातात.

१९२५ सालीं लायका कॅमेरा बाजारांत आला. त्याची निगेटिव्ह अवघी २४ × ३६ मिलिमीटर. चित्र मोठें करणें ही चैन न राहतां गरज झाली. येथें भिंगाचा स्वाभाविक नियमही आड येतो. निगेटिव्ह सर्वत्र सारखी उजळली तरी अक्षापासून २० अंशांवरील कोपऱ्यास मध्यभागाच्या शेंकडा ७८ इतकाच प्रकाश पोंचतो, आणि भिंगाचें छिद्र लहान केल्यानें हा उणेपणा जात नाहीं. गंमत अशी, कीं कॅमेऱ्याच्या भिंगानें निगेटिव्हचे कोपरे आधींच विरळ ठेवलेले असतात. ते चित्रांत काळसर यावयाचे, तर एन्लार्जर त्यांना फिकट करतो. दोन उणीवा एकमेकींस झांकतात, आणि यंत्राचा दोष वर्षानुवर्षें ध्यानांत येत नाहीं.

तो पाहावयाचा तर निगेटिव्ह काढून घ्यावी आणि कागदावर फिकट करडा रंग येईल इतकाच प्रकाश द्यावा. नुसत्या पांढऱ्या पाटावर डोळा फसतो, कागद फसत नाहीं. एकच बाजू फिकट आली तर दिवा मध्यावरून ढळला आहे. चारी कोपरे सारखेच फिकट असतील तर दिव्याची उंची आणि कंडेन्सरचा आकार तपासावा.