खडकीहून लंडन, आर्वीहून आकाश

पुण्याच्या तंत्रज्ञानाचा इतिहास सांगायला कोणी बसले की गाडी हिंजवडीहून सुटते. फार तर एखादा जाणकार ती १९९० पर्यंत मागे नेतो. प्रत्यक्षात पुणे जिल्ह्यातून साता समुद्रांपलीकडे संदेश धाडण्याचे काम १९२७ मध्येच सुरू झाले होते, आणि तेही त्या काळातल्या अगदी नव्या तंत्रावर.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात खडकीच्या केंद्रातून बिनतारी संदेश इंग्लंडकडे जाऊ लागले. तिकडून येणारे संदेश दौंडला उतरत. पाठवायचे एकीकडे आणि घ्यायचे पाऊणशे किलोमीटर दूर, अशी ही विभागणी होती. खडकीच्या प्रक्षेपकाचा जोर एवढा, की शेजारीच कान लावून बसले तर हजारो मैलांवरून आलेला क्षीण आवाज त्या गोंगाटात बुडून गेला असता. इंग्लंडमध्येही हीच रीत होती. तिथे ग्रिम्सबीहून संदेश निघत आणि स्केगनेसला उतरत. मुंबईच्या तारघरात ग्राहकाने दिलेला मजकूर जमिनीवरच्या तारेने खडकीला यायचा, आणि तिथून हवेत जायचा.

हे तंत्र मार्कोनी कंपनीचे. चार्ल्स फ्रँकलिन हा तिचा अभियंता. तोवर समज असा होता की लांबचा पल्ला गाठायचा तर लांब लहरी हव्यात, प्रचंड वीज हवी. फ्रँकलिनने लघुलहरी घेतल्या आणि तारांच्या जाळ्यामागे तशाच तारांचा परावर्तक उभारून सगळी शक्ती एकाच दिशेला वळवली. त्यामुळे थोड्या विजेत, थोड्या खर्चात शब्द लंडन गाठू लागला. समुद्रतळाच्या केबलांवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या कंपन्यांचा धंदा या सेवेने असा खेचला, की १९२९ मध्ये साम्राज्यातल्या केबल आणि बिनतारी कंपन्यांचे एकत्रीकरण करावे लागले. भारतात हे १९३२ मध्ये झाले. पुढच्याच वर्षी मुंबई आणि लंडन यांच्यात रेडिओवरून दूरध्वनीही सुरू झाला. १ जानेवारी १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या साडेसात महिने आधी, सरकारने ही सगळी यंत्रणा ताब्यात घेतली. तीच पुढे ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस आणि १९८६ पासून विदेश संचार निगम या नावाने ओळखली गेली.

लघुलहरींची एक अडचण होती. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून परत जमिनीकडे येतात, आणि हा थर सूर्याच्या लहरीवर चालतो. म्हणून दिवसा आखूड लहर लावायची आणि रात्री त्याहून लांब. सूर्यावर वादळ उठले की इकडे आवाज विरायचा, खरखर वाढायची, कधी संपर्कच तुटायचा. परदेशी असलेल्या मुलाशी तीन मिनिटे बोलायला आई-वडील कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहत, त्यामागे सरकारी दिरंगाईइतकाच सूर्यही होता. ही मंडळी आणि त्यांच्यासाठी रात्रपाळीत जागणारे ऑपरेटर यांच्याबद्दल मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे.

यातून सुटका झाली ती नारायणगावजवळच्या आर्वीत. तिथे १९७१ मध्ये भारताचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. सुमारे साडेएकोणतीस मीटर व्यासाची तबकडी हिंदी महासागरावर ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर असलेल्या इंटेलसॅट उपग्रहाकडे तोंड करून बसली. विक्रम साराभाईंच्या निधनानंतर केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले, आणि ते यथार्थच होते. परदेशी कंत्राटदाराला सगळे सोपवण्याऐवजी हे केंद्र भारतीय अभियंत्यांनी उभारावे, हा आग्रह त्यांचाच. आर्वी निवडण्याचे कारण तिथल्या डोंगरांत आहे. भोवतालच्या रांगा शहरांतल्या रेडिओ गोंगाटाला आडव्या येतात.

त्याच परिसरावर नंतर रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची नजर गेली. आर्वीपासून थोड्याच अंतरावर, खोडदला, त्यांनी महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात पसरल्या आहेत. पोलादी पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांवर बारीक स्टेनलेस जाळी बसवण्याची युक्ती स्वरूप यांची. तिच्यामुळे तबकडी हलकी झाली, वारा आरपार जाऊ लागला आणि खर्च आटोक्यात आला. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे शियापरेली यान मंगळावर उतरत होते, तेव्हा त्याचा क्षीण संकेत खोडदच्या तबकड्यांनीच टिपला. जमिनीला टेकण्याच्या थोडे आधी तो बंद पडला, हेही तिथेच कळले.

सॉफ्टवेअर आले ते या सगळ्यानंतर. १९९० मध्ये सरकारने देशातली पहिली तीन सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क स्थापन केली, बंगळूरु, भुवनेश्वर आणि पुणे येथे. त्यांची खरी देणगी इमारत नव्हे, तर उपग्रहाची जोडणी होती. सेकंदाला ६४ किलोबिट एवढीच तिची क्षमता. आज व्हॉट्सॲपवर सहज ढकलला जाणारा एक एमबीचा फोटो त्या जोडणीवरून जायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागला असता. तरी तेवढ्या बळावर पुण्यात लिहिलेला प्रोग्रॅम त्याच दिवशी अमेरिकेत पोहोचू लागला. चुंबकीय फितींचे खोके विमानाने धाडायची गरज उरली नाही.

त्याच सुमारास दूरवर बोलण्याचे तंत्र पुण्याच्या पेठांत वेगळ्या रूपात अवतरले. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे: एसटीडी, आयएसडी, पीसीओ. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा लातूरचा किंवा जळगावचा मुलगा रात्री दर उतरले की रांगेत उभा राहायचा. काचेच्या खोलीत एकच माणूस मावेल एवढी जागा, समोर लाल आकड्यांचे मीटर. ते आकडे पुढे सरकू लागले की बोलणे आपोआप आखूड व्हायचे: पैसे मिळाले, तब्येत बरी, ठेवतो. पलीकडे फोन बहुधा शेजाऱ्यांच्या घरी असायचा. आई धावत येईपर्यंत मीटर चालूच राहू नये म्हणून आधी निरोप द्यायचा आणि दहा मिनिटांनी पुन्हा नंबर फिरवायचा. गावाकडच्यांना पुण्याचा कोड पाठ होता. तो आधी ०२१२ होता, पुढे ०२० झाला. बरीचशी बूथ अपंगांना दिलेली होती आणि त्यांवर त्यांची घरे चालत. २००३ मध्ये मोबाइलवर येणाऱ्या कॉलचे पैसे बंद झाले आणि काही वर्षांत त्या पिवळ्या पाट्या उतरल्या. या माणसांचे पुढे काय झाले, याची नोंद शहराने ठेवायला हवी होती.

१४ जुलै २०१३ च्या रात्री देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा निदान वर्तमानपत्रांत दोन रकाने छापून आले. खडकी आणि दौंडच्या केंद्रांना एवढेही मिळाल्याचे आठवत नाही. तिथे नोकरी केलेल्या माणसांची मुले-नातवंडे आज पुण्यातच असणार. कोणाच्या माळ्यावर पाळीची वही असेल, कोणाकडे केंद्रासमोर काढलेला कृष्णधवल फोटो. रद्दीत घालण्याआधी तो एखाद्या ग्रंथालयाला द्यावा, आणि आजोबांनी सांगितलेले जे आठवते ते तारखेसह लिहून काढावे.